आधी नोंद, मग मत : एका लेखापालाच्या आठवणी

थोरली मुलगी

आमचे वडील आयुष्यभर लेखापाल म्हणून काम करत राहिले. आधी नोकरीत, पुढे स्वतंत्रपणे आणि निवृत्तीनंतर अनेक लहान संस्थांसाठी विनामोबदला. ते गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांनी ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या कितीतरी आम्हा घरच्यांच्या कानावर कधीच आल्या नव्हत्या. ज्यांचे हिशेब नजरेखालून गेले त्यांच्याबद्दल घरात चकार शब्द काढायचा नाही, हा बाबांचा नेम होता, त्यामुळे त्यांच्या कामाचा मोठा भाग आम्हाला अनोळखीच राहिला. तो आता एकत्र यावा म्हणून हे निमंत्रण आहे. आपण त्यांना जसे पाहिलेत तसे लिहावे, विशेषणांपेक्षा प्रसंग लिहावा आणि त्यांचाच नेम पाळून व्यक्तींची व संस्थांची नावे वगळावीत. सुरुवात मी करते.

आमच्या घरखर्चासाठी पत्र्याचा एक डबा होता. महिन्याच्या आरंभी बाबा त्यात ठरावीक रक्कम ठेवत. ज्याला गरज असेल त्याने ती कोणालाही न विचारता घ्यायची आणि घेतलेल्या रकमेची व कारणाची चिठ्ठी टाकायची, एवढाच नियम होता. डब्यातील रोख आणि चिठ्ठ्या यांची बेरीज केव्हाही केली तरी मूळ रकमेइतकीच आली पाहिजे. कचेऱ्यांतून किरकोळ खर्चासाठी वापरली जाणारी अग्रदाय पद्धत हीच, हे मला वाणिज्य शाखेत गेल्यावर कळले. एकदा धाकट्या बहिणीने चिठ्ठीवर कारण म्हणून ‘रागाच्या भरात’ एवढेच लिहिले होते. महिनाअखेरीस बाबांनी ती चिठ्ठी इतर चिठ्ठ्यांसारखीच वाचली, रक्कम ‘किरकोळ’ या सदरात लिहिली आणि पुढची चिठ्ठी उचलली. खर्च योग्य होता की नव्हता, हा विषय त्यांनी आपणहून कधीच काढला नाही. ‘आधी नोंद, मग मत’ हे त्यांचे वाक्य आम्हा भावंडांना पाठ आहे. मत मात्र ते विचारल्याशिवाय देत नसत, आणि त्यामुळेच आम्ही ते वारंवार विचारत असू.

कचेरीतील कनिष्ठ सहकारी

मी साहेबांच्या हाताखाली उमेदवारी केली. संगणकाने बेरजा करण्याच्या आधीचा तो काळ होता आणि तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या जमा आणि नावे बाकींच्या बेरजांचा तक्ता, न जुळणे ही आमच्यासारख्या नवशिक्यांची कायमची धास्ती होती. साहेब सांगत की, फरक म्हणजे तक्रार नव्हे, फरक म्हणजे माहिती. फरकाची रक्कम आधी दोनाने भागायची आणि आलेली निम्मी रक्कम खतावणीत, म्हणजे खातेवार नोंदींच्या वहीत, शोधायची, कारण जमेची रक्कम चुकून नावे पडली की फरक दुप्पट दिसतो. ती सापडली नाही तर फरकाला नऊने भागून पाहायचे. निःशेष भाग गेला तर कोठेतरी आकडे उलटसुलट लिहिले गेले असण्याचा किंवा एखादे शून्य कमीजास्त झाले असण्याचा संभव मोठा. फरक उचंत खात्यात, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, टाकून ताळेबंद उरकण्याची सोय सर्वांनाच माहीत होती, पण शोधाच्या सर्व वाटा संपल्याखेरीज ते ती वापरू देत नसत.

तेरीज जुळल्यावर आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला की ते शांतपणे आठवण करून देत की, जुळली म्हणजे बरोबर आहे असे नव्हे. एखादा व्यवहार मुळात लिहिलाच गेला नसेल तर दोन्ही बाजू तरीही सारख्याच येतात. जे लिहिले आहे ते तपासणे सोपे असते. जे लिहायचे राहिले आहे ते शोधण्यासाठी गोदामात जावे लागते, माणसांशी बोलावे लागते, असा त्यांचा आग्रह असे आणि ते स्वतः तसे जातही. चांगला लेखापाल खुर्चीत बसून घडत नाही, हे माझे मत त्यांना पाहूनच बनले आहे.

लुका पाचोलीविषयी त्यांना विशेष जिव्हाळा होता. १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापल्या गेलेल्या गणितग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याच्या रीतीचे, सविस्तर वर्णन करणारा हा फ्रान्सिस्कन संन्यासी त्या पद्धतीचा जनक नव्हता. तेथील व्यापारी ती पूर्वीपासून वापरत होते. जे लोक करत आहेत ते नीट पाहून सर्वांना समजेल असे मांडणे, हे काम साहेबांना शोधाइतकेच मोलाचे वाटे. शिवाय पाचोली लिओनार्दो दा विंचीला गणित शिकवत असे आणि त्याने बुद्धिबळावरही लिहिले होते. ते बुद्धिबळाचे हस्तलिखित शतकानुशतके हरवलेले होते आणि २००६ मध्ये इटलीतील गोरित्सिया येथील एका संग्रहात सापडले. त्या बातमीचे कात्रण त्यांच्या मेजावरील काचेखाली कितीतरी वर्षे होते. ज्याला कामाखेरीज कशातच रस नाही त्याचे काम मला तपासून घ्यावेसे वाटते, असे ते म्हणत.

वाचनालयातील माजी लेखनिक

हे सर्व मी प्रथमच लिहीत आहे. एका वाचनालयात मी वर्गणी घेण्याचे आणि पावत्या देण्याचे काम करत असे. वर्षअखेरीच्या मोजणीत रोजकीर्दीप्रमाणे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीप्रमाणे, पेटीत जी रोख असायला हवी होती तिच्यापेक्षा २७० कमी भरले. रक्कम मोठी नव्हती, पण पेटीची किल्ली माझ्याकडे होती आणि मी नोकरीत नवा होतो. मंडळातील दोघातिघांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरू शकलेलो नाही. रक्कम पगारातून कापून घ्यावी आणि विषय संपवावा, अशी सूचना आली. ती सौम्यपणे मांडली गेली असली तरी तिचा अर्थ मला आणि तेथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होता.

काका तेव्हा वाचनालयाचे मानद कोषाध्यक्ष होते. त्यांनी सांगितले की, फरक का आला हे जोवर कागदावर दिसत नाही तोवर तो कोणाच्याही नावावर लिहिता येणार नाही, स्वतःच्याही नाही. नंतर त्यांनी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, म्हणजे पुस्तकातच राहणाऱ्या प्रती, मागवल्या आणि मलाच शेजारी बसवून घेतले. मी स्थळप्रतीवरची रक्कम मोठ्याने वाचायची आणि त्यांनी रोजकीर्दीतील नोंदीवर पेन्सिलीने बारीक खूण करायची, असे आमचे काम सुरू झाले. आरंभीच त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात २७० ला नऊने भागून ३० लिहिले होते आणि मला म्हणाले होते, “शतकाच्या आणि दशकाच्या जागी तीनचा फरक असलेले दोन अंक उलटे पडले असतील, तर नेमका इतकाच फरक येतो. लक्ष ठेवा.”

दिवेलागणीच्या सुमारास ती नोंद सापडली. स्थळप्रतीवर ३६० होते आणि रोजकीर्दीत ६३० उतरले होते. पेटीतून एक पैही गेली नव्हती. वहीनेच नसलेली रक्कम असल्याचे सांगितले होते. ती नोंद माझ्या हातची नव्हती. ज्या वयोवृद्ध सभासदांच्या हातची ती होती त्यांची दृष्टी तेव्हा मंदावत चालली होती. काकांनी दुरुस्तीची नोंद लिहिली, तिच्यावर स्वतःची सही केली, मंडळापुढे कारण वाचून दाखवले आणि वही कोणाच्या हातची होती हा मुद्दा उच्चारला नाही. त्या गृहस्थांना ते दुसऱ्या दिवशी घरी जाऊन भेटले आणि पुढच्या महिन्यापासून आकडे लिहिण्याऐवजी नव्या पुस्तकांच्या निवडीचे काम त्यांच्याकडे आले. ती निवड त्यांनी पुढे फार उत्तम केली.

मी आज एका मोठ्या संस्थेत रोखपाल आहे. त्या संध्याकाळी रक्कम पगारातून कापली गेली असती तर मी पैशाला हात लावण्याचे काम पुन्हा कधी स्वीकारले असते, असे मला वाटत नाही.

वाचनालयाच्या मंडळावरील एक सदस्या

त्याच काळातील आणखी एक गोष्ट सांगते. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी मिळालेली एक देणगी पडून होती आणि छपराची दुरुस्ती तातडीची झाली होती. बहुतेकांचे मत देणगी तूर्त तिकडे वळवावी असे होते; माझेही तेच होते आणि गळणारे छप्पर पाहता ते अविचारी होते असे मी म्हणणार नाही. काकांनी मात्र, देणाऱ्याने हेतू लिहून दिला आहे, तेव्हा हा पैसा आपल्याकडे असला तरी छपरापुरता तो आपला नाही, असे स्पष्ट केले. एवढेच सांगून ते थांबले असते तर मला राग आला असता. पण दुरुस्तीचा निधी जमवण्यासाठी पुढे ते स्वतः दारोदार फिरले आणि देणाऱ्या प्रत्येकाला पावतीबरोबर कामाचा अंदाजही दाखवत गेले.

पैसे घेणारा आणि वही लिहिणारा एकच माणूस असू नये, तसेच धनादेशावर दोन सह्या असाव्यात, हे नियमही त्यांनीच घालून दिले. आपल्यावर विश्वास नाही का, असे एका उत्साही कार्यकर्त्याने विचारले तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, हे नियम प्रामाणिक माणसावर संशय येऊ नये म्हणूनच असतात. स्वतःच्या वह्याही ते दरवर्षी आग्रहाने दुसऱ्याकडून तपासून घेत.

धाकटा मुलगा

ताईने मोकळेपणाने लिहायला सांगितले आहे, म्हणून लिहितो. बाबांचा काटेकोरपणा लहानपणी मला जाचत असे. वर्षअखेरीच्या कामात ते आठवडेच्या आठवडे रात्री उशिरा घरी येत आणि माझे कितीतरी कार्यक्रम व सामने त्यांच्याविना झाले. ही उणीव खरी होती आणि आता ते नाहीत म्हणून ती नव्हती असे मी लिहिणार नाही. मात्र त्या कार्यक्रमांच्या तारखा ते दैनंदिनीत लिहून ठेवत आणि काम ओसरल्यावर एकेका प्रसंगाबद्दल विचारत. कोण कोठे उभे होते, चेंडू कोणाकडून आला, पडदा पडल्यावर काय झाले, हे सर्व त्यांना हवे असे. मी सांगेपर्यंत ते मध्ये बोलत नसत.

त्यांनी चांगली नोकरी अचानक का सोडली, हे मला बरेच नंतर आईकडून कळले. वर्षाचा शेवट जवळ आला होता आणि नफा मोठा दिसावा म्हणून, आवाराबाहेर न पडलेल्या मालाची विक्री चालू वर्षातच दाखवावी, असे त्यांना सांगण्यात आले होते. थोड्याच दिवसांत माल जाणारच आहे, मग बिघडते काय, असा युक्तिवाद होता. बाबांचे म्हणणे होते की, तो आकडा पाहून कोणीतरी कर्ज देईल, कोणीतरी भाग विकत घेईल आणि त्या माणसांना माल जागेवरच आहे हे कधी कळणार नाही. त्यांनी लेखी नकार दिला आणि काही दिवसांत राजीनामाही. पुढचे दिवस ओढाताणीचे गेले. आम्हा मुलांपुढे त्यांनी त्या मालकांबद्दल वाईट शब्द काढला नाही आणि स्वतःबद्दल चांगलाही नाही.

आई

ह्यांच्या आजाराचे निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीबद्दल आम्ही फारसे बोललो नाही. ह्यांनी मला एवढेच सांगितले की, यापुढे घरातील प्रत्येक व्यवहार मी करायचा आणि त्यांनी शेजारी बसायचे. विम्याचे हप्ते, मुदतठेवींचे नूतनीकरण, कराचे विवरण, प्रत्येक खात्यावरील नामनिर्देशन, सर्व मी माझ्या हाताने केले. मी अडले की ते लगेच उत्तर देत नसत. कागद परत माझ्याकडे सरकवत आणि वाट पाहत. कधी मला त्याचा संताप येई. ते गेल्यावर, मन थाऱ्यावर नसतानाही, कोणता कागद कोठे आहे हे मला कोणालाही विचारावे लागले नाही. अनेकजणी वैधव्याबरोबरच परावलंबनही सोसताना मी पाहिल्या आहेत, म्हणून ह्यांच्या प्रेमाचा हा प्रकार मला मुद्दाम लिहून ठेवावासा वाटला.

नात

आजोबांनी मला पुस्तकबांधणी शिकवली. वाचनालयातील फाटकी पुस्तके ते घरी आणत आणि दोऱ्याने पुन्हा शिवून देत. कागदाच्या तंतूंना दिशा असते आणि ती पुस्तकाच्या कण्याला समांतर ठेवली नाही तर खळ वाळताना पुठ्ठा वाकडा होतो, हे त्यांनी मला कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून दाखवले होते. वाकवताना ज्या घडीच्या रेषेवर तो सहज वाकतो तीच तंतूंची दिशा. माझ्या कपाटात त्यांनी आणि मी मिळून बांधलेला शब्दकोश आहे आणि त्याचा पुठ्ठा अजून सरळ आहे.

रक्तदान समितीतील कार्यकर्ता

आमची शिबिरे एकाच दिवशी प्रचंड गर्दीची होत आणि पुढे बरेच दिवस काहीच नसे. तांबड्या पेशी जास्तीत जास्त सुमारे ४२ दिवस टिकतात आणि बिंबाणू (प्लेटलेट्स) साधारण ५ दिवसच, हे काकांना कळल्यावर त्यांनी दात्यांची यादी मागून घेतली आणि वर्षभराचे वेळापत्रक आखून दिले. गर्दीची छायाचित्रे कमी झाली, पण रक्तपेढीला नियमित पुरवठा होऊ लागला. ते वेळापत्रक आजही आमच्या भिंतीवर आहे.

आकाशनिरीक्षणातील सोबती

रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षणात आम्ही कित्येक वर्षे एकत्र होतो. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करून एखाद्या ताऱ्याची तेजस्विता नुसत्या डोळ्यांनी ठरवायची आणि वेळेसह नोंदवायची, असे हे काम आहे. ययाती तारकासमूहातील अलगोल हा त्यांचा लाडका तारा होता. तो जोडतारा असून त्यातील मंद तारा तेजस्वी ताऱ्याला झाकतो, त्यामुळे दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचे तेज २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत उतरते (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). हा झाकण्याचा खुलासा जॉन गुडरिक या तरुणाने १७८३ मध्ये सुचवला होता.

पुढचे तेज केव्हा उतरणार हे गणिताने आधीच कळत असल्यामुळे, निरीक्षकाला अपेक्षित तेच दिसू लागण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी ते निरीक्षणाआधी वेळापत्रक पाहतच नसत. २०१९ च्या अखेरीस मृग नक्षत्रातील काक्षी (बीटलज्यूज) हा तारा मंदावू लागला तेव्हा मी उत्साहाने त्यांना कळवले. त्यांनी माझा आकडा ऐकण्यास नकार दिला, आधी स्वतः पाहून आपला आकडा लिहिला आणि मगच माझा विचारला. हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी १९११ पासून कार्यरत असलेल्या अमेरिकी रूपविकारी तारे निरीक्षक संघटनेकडे जमा होतात आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात, याचा त्यांना मनापासून आनंद होता.

त्यांच्या निरीक्षणवह्या कुटुंबीयांनी माझ्याकडे सोपवल्या असून त्यांतील न पाठवलेल्या नोंदी उतरवून घेण्याचे काम मी सुरू केले आहे. काही पानांवर वेळेपुढे वर्तुळातील एक खूण आहे. ती बहुधा ढगाळ आकाशासाठी असावी, परंतु खात्री नसताना मी ती तशी उतरवलेली नाही. त्यांच्याबरोबर निरीक्षणाला बसलेल्या कोणाला त्या खुणेचा अर्थ ठाऊक असल्यास, किंवा एखादी वही कोणी वाचायला नेली असल्यास, कृपया येथेच कळवावे.