ओटाकॉन बिनपगारीच राहावं का?

रानजाई

गेल्या आठवड्यात इथल्या एका चर्चेत कोणीतरी लिहिलं होतं की ओटाकॉनसारखा अमेरिकेतला अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिका-चित्रपटांच्या चाहत्यांचा, मेळावा अजून फुकट राबणाऱ्यांच्या जिवावर चालतो ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून वेगळा धागा काढते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९४ च्या जुलैअखेरीस पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी एका डेज इन हॉटेलात साडेतीनशे अ‍ॅनिमेवेडे जमले, ते पहिलं ओटाकॉन. मग मेरीलँडचं हंट व्हॅली, एक वर्ष व्हर्जिनियातलं क्रिस्टल सिटी, १९९९ पासून बाल्टिमोरचं कन्व्हेन्शन सेंटर आणि २०१७ पासून वॉशिंग्टन डीसी. २०२२ मध्ये गर्दी ४० हजारांच्या पुढे गेली. चालवणारी संस्था ओटाकॉर्प. ती नफा वाटून घेऊ शकत नाही आणि अध्यक्षापासून दारावर प्रवेशाचे बिल्ले तपासणाऱ्या पोरापर्यंत कोणालाही पगार देत नाही.

हे असंच राहावं असं माझं ठाम मत आहे. या लोकांनी काय काय घडवून आणलं ते बघा. २००३ मध्ये टी. एम. रेव्होल्यूशन या जपानी गायकाला बाल्टिमोरला आणलं. २००४ मध्ये लार्क-आँ-सिएल या जपानी बँडचा अमेरिकेतला पहिला कार्यक्रम फर्स्ट मरिनर अरीनात केला, समोर बारा हजारांच्या आसपास माणसं. जपानमध्ये स्टेडियम भरवणारी ही मंडळी, पण अमेरिकेत त्यांना ओळखत कोण होतं? ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या अ‍ॅनिमे मालिकेचं त्यांनी गायलेलं शीर्षकगीत तोंडपाठ असलेली हीच पोरं. तिकीट खपेल की नाही याचा ठोकताळा मांडून बसलेल्या व्यवस्थापकाने ती उडी घेतली नसती. ज्यांना स्वतःला ते ऐकायचं होतं त्यांनीच घेतली.

हिशेबनीस

रानजाईताई, २००४ चा कार्यक्रम मीही विसरलेलो नाही. पण तुम्ही सांगताय तो त्या पोरांचा पराक्रम. मी विचारतोय ते त्यानंतरच्या वीस वर्षांबद्दल.

बिनपगारी काम करणं कोणाला परवडतं? ज्याला सुट्टी मिळते त्याला. अमेरिकेत वर्षाकाठी दोन-तीन आठवडे भरपगारी रजा मिळाली तर नशीब समजायचं. ज्याच्या खात्यात आठशे लोकांचं वेळापत्रक आहे, त्याची निम्मी रजा ऐन मेळाव्यात जाते आणि वर्षभर रात्री बैठका आणि ईमेल चालतात ते वेगळंच. दुकानात तासावर काम करणारी मुलगी हे करू शकत नाही. ती जास्तीत जास्त तीन दिवस दारावर उभी राहील. निर्णय घेणाऱ्या टेबलावर तेच लोक उरतात ज्यांच्या नोकऱ्या बऱ्या आहेत आणि ज्यांच्या घरी सांभाळायला कोणी आहे.

मी आमच्या मराठी मंडळात आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासाठीही राबलो आहे. तिथेही हेच. पहिल्या वर्षी उत्साह, दुसऱ्या वर्षी जबाबदारी, तिसऱ्या वर्षी सगळं त्याच चार जणांच्या गळ्यात. हौसेला मोल नसतं म्हणतात. त्याच वाक्याच्या आडोशाने माणसं पिळून निघतात.

पोटोमॅककर

हिशेबनीस, थकव्याचा मुद्दा खरा आहे. पण पगार दिला की निर्णय चांगले होतात, हे कशावरून?

बाल्टिमोर सोडण्याचा निर्णय घ्या. २०१३ मध्ये ३४ हजारांवर लोक आले. ज्यांनी ते वर्ष पाहिलंय त्यांना आठवत असेल, प्रॅट स्ट्रीटच्या पदपथावर उन्हात नोंदणीची रांग, पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधलेली मंडळी घामाने भिजून भिंतीच्या सावलीला सरकताहेत, आतल्या जिन्यांवर मुंगीला वाट नाही. त्या इमारतीत प्रदर्शनाची जागा तीन लाख चौरस फूट. विस्ताराच्या गप्पा वर्षानुवर्षं झाल्या, वीट हलली नाही. तेव्हा या बिनपगारी लोकांनी २०१३ मध्येच जाहीर केलं की २०१७ पासून आम्ही डीसीला जाणार. चार वर्षं आधी! डीसीच्या वॉल्टर ई. वॉशिंग्टन सेंटरला प्रदर्शनासाठीच सात लाख चौरस फूट आहेत आणि मेट्रोतून उतरलं की दारात.

आता पुढचं ऐका. डीसीतल्या पहिल्या वर्षी गर्दी २५ हजारांच्याही खाली घसरली. बाल्टिमोरवर जीव असलेले कित्येक आलेच नाहीत. कंपनी असती तर त्या आकड्यावर कोणाची तरी खुर्ची गेली असती आणि पुढच्या वर्षी बिल्ल्याची किंमत वाढली असती. इथे त्यांनी दम धरला. पाच वर्षांनी ४० हजार पार झाले, मध्ये २०२० चा मेळावा महामारीने रद्द होऊनही. ज्या वर्षी दारातून एक माणूस आत आला नाही, त्या वर्षी महिन्याच्या महिन्याला पगार भागवायची वेळ असती तर २०२१ चं ओटाकॉन दिसलं असतं का, याचा विचार करा.

कौस्तुभ कोथरूड

पुण्यात बसून लिहितोय, ओटाकॉनला कधी आलेलो नाही. पण मुंबईचं कॉमिक कॉन दरवर्षी करतो. ते कंपनीचं आहे, २०२४ मध्ये ती कंपनी नॉडविन गेमिंगने विकत घेतली. म्हणून काय आमची मजा कमी झाली? न्यूयॉर्कचं अ‍ॅनिमे एनवायसी २०१७ साली लेफ्टफील्ड मीडिया या कंपनीने काढलं आणि बघता बघता जाविट्स सेंटर भरलं. तिथेही जपानहून पाहुणे येतात. लॉस एंजेलिसचं अ‍ॅनिमे एक्स्पो तर तुमच्याच ओटाकॉनसारखी नफा न वाटणारी संस्था चालवते, पण तिच्याकडे पगारी माणसं आहेत, आणि तिथे एक लाखाच्या वर लोक येतात.

येणाऱ्याला पंखा चालतोय का, पाणी मिळतंय का आणि रांग सरकतेय का हे कळतं. मागे कोणाला पगार मिळतो याने त्याला काय फरक पडतो?

रानजाई

कौस्तुभ, फरक पडतो, आणि तो कार्यक्रमपत्रिकेत दिसतो.

कंपनीच्या मेळाव्यात सगळ्यात मोठी दालनं बहुधा नव्या मालिकांच्या जाहिरातीला जातात. ओटाकॉनलाही उद्योगातले लोक येतात, पण तिथे रात्री दहा वाजता एखादी शाळामास्तरीण सत्तरच्या दशकातल्या मुलींसाठीच्या ‘मांगा’वर, म्हणजे जपानी चित्रकथांवर, तासभर बोलते आणि खोली भरते. चाहत्यांनी घरी बसून गाण्यांवर जुळवलेल्या चित्रफितींची स्पर्धा तिथे मुख्य आकर्षणांपैकी एक असते. ते विकून कोणाला छदाम मिळत नाही, म्हणूनच दुसरीकडे अशा गोष्टी कोपऱ्यात ढकलल्या जातात.

मासाओ मारुयामा यांचं उदाहरण देते. मॅडहाउस या अ‍ॅनिमे स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक, पुढे २०११ मध्ये मप्पा हा स्टुडिओ काढणारे. हे गृहस्थ बाल्टिमोरला वर्षामागून वर्षं येत राहिले. एवढ्या उंचीचा निर्माता पुन्हा पुन्हा येतो तो त्याला तिथली माणसं आवडतात म्हणून. माणसं तीच राहिली तर हे जमतं.

हिशेबनीस

तीच माणसं राहणं ही तुम्हाला जमेची बाजू वाटते, मला तीच काळजी वाटते.

लास वेगासकडे कोणी वळलंच नाही म्हणून मी सांगतो. २०१४ मध्ये यांनी ओटाकॉन वेगास सुरू केलं, २०१८ नंतर बंद केलं. पूर्वकिनाऱ्यावरची नोकरदार माणसं, ऐन जानेवारीत आणखी एक मेळावा, तोही देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याच वेळी बाल्टिमोरहून डीसीला बिऱ्हाड हलवायचं. त्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. पण दिवसाचे तास निष्ठेने वाढत नाहीत. दोन-चार पूर्णवेळ माणसं नेमा. हिशेब, करार, सुरक्षा. बाकी सगळं चाहत्यांच्या हाती राहू द्या. अ‍ॅनिमे एक्स्पोने ते केलं म्हणून काही आभाळ कोसळलं नाही.

पोटोमॅककर

वेगास बंद करता आलं हेच मला मोठं वाटतं. पाच वर्षं करून पाहिलं आणि थांबवलं. त्यावर कोणाची चूल अवलंबून असती तर ते आणखी पाच वर्षं रेटलं गेलं असतं.

मीनू गेदर्सबर्ग

मी दारावर उभी राहणाऱ्यांपैकी. तिथे आम्हाला गोफर म्हणतात. खोलीत किती माणसं मावतात ते पाटीवर लिहिलेलं असतं, तेवढी मोजून आत सोडायची, संपलं की दुसऱ्या दाराने बाहेर काढायची. नारुतो या अ‍ॅनिमे-नायकाच्या वेशातला दहा वर्षांचा मुलगा शेवटच्या जागेसाठी रडवेला होऊन उभा असतो आणि त्याच्या आईला नाही म्हणावं लागतं. हे काम मला पगारावर करायचं नाही. पगार असता तर मी त्या मुलाला पुढच्या कार्यक्रमाच्या रांगेत सगळ्यात पुढे नेऊन उभं केलं नसतं, नियमात नाही म्हणून.

पण हिशेबनीसांचं एक म्हणणं मला शंभर टक्के पटतं. मी स्वतः तासावर काम करते. एका खात्याची उपप्रमुख होशील का असं मला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं, कारण वर्षभराच्या बैठका माझ्या कामाच्या पाळ्यांत बसत नव्हत्या. माझ्या जागी जो आला तो चांगलाच आहे. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे.

रानजाई

मीनू, तुझ्या मुद्द्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तरी पगार हा त्यावरचा उपाय मला वाटत नाही. दोन-चार पगारी जागा निघाल्या तर त्या आधीपासून वर बसलेल्यांनाच मिळतील, तासावर काम करणारी तशीच दारावर राहील. बैठका शनिवारी ठेवा, घरून हजर राहू द्या, एक पद दोघांत वाटून द्या, आणि जाण्यायेण्याचा, राहण्याचा, जेवणाचा खर्च संस्थेने पुरता उचलावा. खर्च भागवणं निराळं आणि पगार निराळा.

हिशेबनीस

खर्चासोबत कामाच्या बुडालेल्या पाळीची भरपाईही धरा. मग माझं-तुमचं भांडण अर्धं मिटलं. उरलेलं अर्धं, म्हणजे हिशेबासाठी पूर्णवेळ माणूस, त्यावरून मी हटणार नाही. ४० हजार लोकांच्या पैशांचा ताळा रात्री अकरानंतर, मुलं झोपल्यावर, जेवणाच्या टेबलावर बसून जुळवायचा नसतो.