चित्रचरित्रं वाचून पोरांना इतिहास कळतो का?

कृष्णाकाठची बाई: मिरजकरांनी काल लिहिलं, की चौथीपर्यंतच्या पोरांना थोरामोठ्यांची चित्रचरित्रं देणं बंद करा, त्यातनं इतिहास कळत नाही, नुसते देव्हारे वाढतात. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

मी कराड तालुक्यात चौथीला शिकवते. पैलवान खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आम्हाला जवळ. तरी '१९५२, हेलसिंकी, कांस्यपदक' एवढं पोरं पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची. चित्रांचं पुस्तक उघडलं, तर एक पोरगी चौथऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, हे सगळ्यात खालच्या पायरीवर हायत. मग बैलगाड्यांची मिरवणूक कशाला?" पुढचा सगळा तास त्या पायरीवर गेला. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, जायला पैसे नव्हते, लोकांनी वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. धड्यातल्या ओळीवर हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

मिरजकर: बाई, हे श्रेय तुमचं आहे, पुस्तकाचं नव्हे. तुम्ही नसता तर पोरीनं पान उलटलं असतं. आमच्या घरात सावित्रीबाईंची जेवढी चित्रपुस्तकं आहेत त्यांत नायगाव, शेणाचे गोळे, पिशवीतली दुसरी साडी, १८४८ ची शाळा, की संपलं. १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह गायब, कारण विधवेचं बाळंतपण काढायची कुणाची छाती होत नाही. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता त्या गेल्या, तेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पुस्तकात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई बोर्डिंगच्या पोरांसाठी अंगावरचे दागिने देताहेत आणि चेहऱ्यावर हसू! माझ्या मुलीनं विचारलं, "पप्पा, तिला रडू नाही आलं?" काय सांगू? चित्रकारानं तो प्रश्नच पुसून टाकलाय.

खटावचा: दोघांचंही मुद्द्याला धरून आहे, पण मूळ दुखणं वेगळंय. दुकानात जा, शिवराय सोडले तर सगळे लांबचे पुढारी. आमच्या जिल्ह्यांचं कोण काढतंय? येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेला कारभार, १९४३ ते ४६ चाललं. गावोगाव न्यायनिवाडे, दारूबंदी, बिनखर्चाची लग्नं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ इंग्रजांची रेल्वे लुटली. चित्रात काढायला याच्यापेक्षा काय पाहिजे? आमचा आजा प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होता. त्याचं नाव कुठल्या कागदावर नाही.

वाळव्याची सून: आणि प्रतिसरकारची माणसं शिक्षा म्हणून तळपायावर काठ्या मारायची, त्याचं काय? ते पान काढणार का, दादा?

खटावचा: सावकार, गावगुंड आणि खबऱ्यांना मारलं. त्यात लाज कसली? सरकारी कोर्टात गरिबाला न्याय मिळत होता का?

वाळव्याची सून: माझ्या आजोळच्या आजोबांना एका रात्री घरातनं ओढून नेलं. खबऱ्या म्हणून. ते खबरे नव्हते. आलेली माणसं कुणाची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. चळवळीचं नाव घेऊन जुने हिशेब चुकते करणारेही त्या काळात होतेच. म्हातारे मरेपर्यंत उजवी टाच टेकवत नव्हते. नाना पाटलांचा फोटो मात्र घरातनं कधी काढू दिला नाही. हे कुठल्या चित्रात बसवाल?

खटावचा: एका घरावरनं सगळ्या चळवळीला डाग लावू नका. इंग्रजांनीही हेच केलं. त्यांना दरोडेखोर म्हणाले.

वाळव्याची सून: डाग लावला कुठं? फोटो भिंतीवर होता म्हणून सांगितलं ना! तुमच्या आजोबांचं खरं आणि माझ्या आजोबांचं खोटं, असं नका करू.

खटावचा: खोटं म्हटलं नाही मी. पण दहा वर्षांच्या पोराला आधी हे कळू दे की आपली माणसं साम्राज्याशी लढली. बाकीचं मोठेपणी.

मिरजकर: बघा बाई, हेच मी म्हणत होतो. 'बाकीचं मोठेपणी' म्हणतात आणि मोठेपणी कुणी पुस्तक उघडत नाही. लहानपणी बघितलेलं चित्रच कायम राहतं.

कृष्णाकाठची बाई: लहानपणचं चित्रच राहतं ना? मग ते नीट काढून घेऊ, बंद कशाला करायचं? ताईंच्या आजोबांची टेकत नसलेली टाच आणि मागं भिंतीवरचा फोटो, एवढं एका पानावर काढा. रक्त नको, काठी नको. चौथीचं पोर विचारणारच, ह्यांचा पाय दुखतोय, तरी फोटो का ठेवला? खटावच्या दादा, तुमच्या आजोबांना शेजारच्या पानावर जागा आहे. त्यांचं जे काही आठवतंय ते आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर तेही जाईल.

खटावचा: शेजारी चालेल. पण शेणोलीचं पान आधी.

वाळव्याची सून: आईला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. तिचे वडील होते ते.

मिरजकर: विचाराच. त्या हो म्हणाल्या तर मी बघीन. खाशाबांचं पुस्तक वर्गात राहू दे, त्याला हरकत नाही. हसणाऱ्या लक्ष्मीबाई मात्र मी मुलीच्या कपाटात परत ठेवणार नाही.