आईला सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट दिलंय, सुरू करू का? (पुणे)

नमस्कार मंडळी, आईसाठी विचारतेय. वय ५८, आम्ही धायरीला राहतो. चार वर्षांपासून सोरायसिस आहे, आधी नुसतं कोपरांवर आणि डोक्यात होतं तेव्हा आम्ही कोंडाच समजून शाम्पू बदलत बसलो, आता गुडघे, पाठ, पोटऱ्या सगळीकडे लाल चट्टे आणि त्यावर पांढरे पापुद्रे. थंडी पडली की जास्तच. सकाळी अंथरूण झटकलं की फरशीवर भुसा पडतो नुसता, आणि मी उठायच्या आत ती झाडून टाकते, कुणाला दिसू नये म्हणून.

परवा सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आई कुंकू लावायला गेली तर एक बाई म्हणाल्या, राहू द्या हो, मीच लावून घेते. अहो हा काही लागणारा रोग नाही, आपल्याच प्रतिकारशक्तीचा घोळ आहे, पण किती जणींना समजावणार? तेव्हापासून भिशीलाही जात नाहीये.

मधे एका नातेवाइकांच्या आग्रहामुळे कुठल्याशा पुड्या आणल्या (यावर भांडू नका प्लीज, घरात झालंय ते भांडून). पंधरा दिवसांत त्वचा एकदम साफ, पेढे वाटायचेच बाकी होते, आणि पुड्या संपल्यावर दुप्पट उसळलं. पुडीवर ना नाव ना गाव.

आता स्किनच्या डॉक्टरांनी रक्त तपासून मेथोट्रेक्सेट लिहून दिलंय, आठवड्यातून एकदा. गुगल केलं तर कॅन्सरचं औषध! आईने पाकीट देव्हाऱ्यात ठेवलंय, हात लावत नाही. कुणी घेतलंय का? आणि सकाळी अर्धा तास तिची बोटं आखडलेली असतात, भाकरी थापता येत नाही, नखांवर सुई टोचल्यासारखे खड्डे पडलेत. हे वयाचं की याचंच?

प्रतिसाद :
ताई, मी स्वतः सहा वर्षं पेशंट आहे. कॅन्सरला देतात तो डोस कितीतरी मोठा, यात अगदी कमी असतो. पण आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच हं, वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. सोबत फॉलिक ॲसिड देतात, आणि लिव्हरच्या, रक्ताच्या टेस्ट सांगतील तेव्हा करायच्याच. पुड्यांचं डॉक्टरांना सांगितलंत का? असल्या बिननावाच्या पुडीत बरेचदा स्टेरॉइड असतं, बंद केलं की असंच उसळतं. बोटांचं आणि नखांचं तर लगेच कळवा, सोरायसिसचा संधिवात असू शकतो, सांधे एकदा वाकडे झाले की सरळ होत नाहीत. आणि काकू आंघोळीला कढत पाणी, वजरी वगैरे घेतात का? घासून खरचटलं की तिथेच नवा चट्टा उठतो. कोमट पाणी घ्या, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर.

धागाकर्ती :
खूप आभार! पुड्यांचं सांगितलंच नव्हतं, ओरडतील म्हणून. उद्याच जातो. वजरीचं बरोबर ओळखलंत, दुपारी लपवली तर संध्याकाळी नारळाची शेंडी घेऊन बसली होती.