मदत हवी आहे : लाकूड फोडताना नव्या चाकूची धार वळतेय. पोलाद मऊ आहे की कोन फार निमुळता?

नमस्कार मंडळी,

रानातल्या मुक्कामांसाठी न मिटणारे दोन नवे चाकू घेतलेत आणि दोघांचीही लाकडावर पारख चालू आहे. एक तासायला इतका गोड आहे की हातातून ठेववत नाही, पण फोडायला घेतला की त्याची धार वळते. दुसरा फोडायला खणखणीत, पण तासताना नुसती झटापट. अडचण पहिल्याची आहे. तो परत करावा की दगडावर सुधारेल हे ठरवायचंय, म्हणून पाहिलं तेवढं सगळं लिहिते.

पहिल्याचं पातं साधारण १० सेंमी, पाठ २.५ मिमी, पोलाद कार्बनचं, घडण स्कँडी. दोन्ही अंगांना एकेकच रुंद उतार आणि तो थेट धारेपर्यंत गेलेला. पोलाद मुठीत निम्म्याहून थोडं पुढे जाऊन संपतं. दुसऱ्याची पाठ ४.८ मिमी, पातं पाठीपासून सपाट निमुळतं होत आलेलं, शेवटी धारेचा वेगळा बारीक उतार, आणि पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड.

तासायला एक ओली फांदी आणि पाइनची कोरडी, सरळ रेषांची काठी घेतली होती. पहिल्याचा रुंद उतार लाकडावर रंध्यासारखा बसतो. मनगट किंचित उचललं की ढलपी जाड निघते, झुकवलं की आरपार उजेड दिसेल इतकी पातळ, आणि ती न तुटता काठीलाच चिकटून कुरळी होत जाते. आग पेटवायला फेदरस्टिक, म्हणजे अशा कुरळ्या ढलप्यांची काठी, करायची तर अगदी हेच हवं. दुसऱ्याच्या बारीक उताराला असा टेकू मिळत नाही. पातं एकतर आत घुसतं नाहीतर वर निसटतं आणि ढलप्या आखूड तुटतात. तंबूच्या खुंटीला दोरीची खाच पाडतानाही त्याची जाड पाठ खाचेच्या भिंतीला घासत राहिली, तळ काही स्वच्छ निघाला नाही.

फोडायला मनगटाएवढे कोरडे तुकडे घेतले. खाली लाकडाचाच ओंडका, पाठीवर ठोकायला लाकडाचाच दंडुका. पात्याचं टोक पलीकडे दोन बोटं बाहेर राहील एवढ्याच जाडीचे तुकडे, म्हणजे त्या टोकावर ठोकता येतं. जाड चाकू थोडा आत शिरला की लाकूड धारेच्या पुढे आपणहून चिरत जातं. तिथून पुढे काम पाठीची पाचर करते, धारेला फारसं काही लागतच नाही. बारीक चाकूला ते सुख नाही. तो सहज आत जातो, पण फट रुंदावत नाही, त्यामुळे धार जवळजवळ शेवटपर्यंत कापत राहते.

एका तुकड्याच्या पोटात बाहेरून न दिसणारी गाठ निघाली. ती फोडून झाल्यावर पहिला चाकू दिव्याखाली धार वर करून धरला. शाबूत धारेवर उजेड चमकत नाही. इथे मात्र मधोमध सुमारे ४ मिमी लांबीची चमकती रेघ होती. पाठीकडून धारेकडे नख हलकेच नेलं तर उजव्या अंगाला अडतं, डाव्या अंगाला नाही. म्हणजे कपचा उडालेला नाही, धार एका बाजूला वळलीय. गाठीवर वळली तर मी समजू शकते, पण गाठ नसलेल्या सरळ लाकडावरही मुठीजवळच्या भागात असेच दोन बारीक ठिपके आले. मला खटकतंय ते हेच.

कारखान्यात वेगवान पट्ट्यावर धार लावताना पात्याची कड तापून मऊ पडते असं ऐकलंय. तसं असेल तर ते ओळखायचं कसं? धारेला आणखी एक सूक्ष्म उतार दिला तर फोडताना टिकेल, पण तासण्यातली ती मजा जाईल का? आणि दोन चाकूंची तुलना रास्त व्हावी म्हणून तुम्ही काय सांभाळता?

'फोडायला जाड चाकू वापरा' हे उत्तर कृपया नको. बारीक चाकूने काठ्यांएवढं बेताचं लाकूड फोडता यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद १

वर्णन छान केलंत, त्यामुळे बोलायला सोपं जातंय. आधी कोन मोजा, बाकी सगळं नंतर. स्कँडीत ते सोपं असतं. पाठीच्या निम्म्या जाडीला उताराच्या रुंदीने भागा, येते ती एका बाजूच्या कोनाची साइन. तुमची निम्मी जाडी १.२५ मिमी. उतार ६ मिमी रुंद असेल तर एका बाजूचे १२ अंश, दोन्ही मिळून २४. ७ मिमी असेल तर एकूण साडेवीसच्या आसपास. चोवीसवर मी शांत राहिलो असतो. विसावर कोरडी गाठ फोडायची म्हणजे पोलाद कितीही चांगलं असलं तरी कड टिकणं कठीण.

पट्ट्याचं ऐकलंत ते खरं आहे. साधं कार्बन पोलाद कडक केल्यावर बहुधा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेंपर करतात, म्हणजे ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून पुन्हा तापवतात. अगदी टोकाची कड केसाहून बारीक असते, कोरड्या पट्ट्यावर तिथली उष्णता क्षणात त्याच्या वर जाऊ शकते. बाकी पातं थंडच राहतं, त्यामुळे बघून काही कळत नाही. ओळखायचा मार्ग एकच : ओल्या दगडावर, कोन न बदलता, दोन्ही अंगांना पूर्ण लांबीभर बुर (घासताना पलीकडच्या अंगाला वळून येणारी पोलादाची बारीक कड) येईपर्यंत घासा, बुर काढा आणि गाठ नसलेल्या लाकडावर पुन्हा फोडून बघा. असं तीन-चार वेळा करा. दरवेळी धार जास्त टिकू लागली तर मऊ कड झिजून चांगलं पोलाद वर येतंय. काहीच फरक पडला नाही तर दोष कोनाचा नाहीतर टेंपरिंगचा, आणि त्यातला कोन तुम्ही मोजलेलाच असेल.

प्रतिसाद २

परत करायचा विचार पक्का नसला तरी दगडाला लावायच्या आधी फोटो काढा आणि विक्रेत्याच्या अटी वाचा. एकदा घासलं की 'तुम्हीच बिघडवलं' म्हणायला ते मोकळे.

एक शंका : मुठीजवळचे ठिपके आहेत म्हणून विचारतो, पातं अडकल्यावर मूठ आडवी हलवून सोडवलंत का? तसं केलं की धार तिथेच वळते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मूठ हलवलेली नाही. पातं अडकलं तेव्हा लाकडाचीच पाचर तासून फटीत ठोकली आणि चाकू अलगद काढून घेतला.

उतार मोजला, बरोबर ७ मिमी भरतो. म्हणजे एकूण साडेवीस अंश. तासताना इतका गोड का लागतो तेही कळलं! फोटो काढून ठेवलेत, आता दगडावर घेते. सूक्ष्म उताराबद्दल मात्र अजून मन होत नाहीये.

प्रतिसाद १

आधी त्याशिवायच घासून बघा, नाहीतर कोणत्या उपायाने फरक पडला ते कळणार नाही. मग हवा तर एका बाजूला १५ अंशांनी, अगदी हलक्या हाताने, दोन्ही अंगांना मोजके हात द्या. तो उतार केसाएवढा दिसला तर बरोबर, रुंद पट्टी दिसली तर जास्त झालं. मुख्य उतार तसाच लाकडावर टेकत राहतो, त्यामुळे ढलप्यांत फरक जाणवेल तो फार थोडा. नाहीच आवडला तर मुख्य उतार सपाट घासत गेलं की तो निघून जातो.

तुलनेचं म्हणाल तर दोन्ही चाकूंना धार एकाच दगडावर, एकाच हाताने लावा, १००० ग्रिटपर्यंत (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा) आणून थांबा. मग एकाच काठीचे तुकडे पाडून एक इकडे, एक तिकडे असे वाटून घ्या. बुंध्याकडचे सगळे एकाला आणि शेंड्याकडचे दुसऱ्याला गेले की निकाल लाकडाचा लागतो, चाकूचा नाही. फोडण्याआधी आणि नंतर पात्याच्या त्याच जागेने एकेक ढलपी काढा. धार कुठे गेली ते ढलपी लगेच सांगते, कागद कापून बघण्यापेक्षा मला हेच पटतं.

जाड चाकूला मात्र सोडून देऊ नका. धारेच्या उताराला वर जिथे कोपरा असतो तो दगडावर जरा गोल करा, ढलप्या लांब निघू लागतील.