रुमालांतील कागद आणि पोथ्या कोहामध्ये कशा नोंदवाव्यात?

प्रश्न : ग्रंथपाल, तालुका वाचनालय

नमस्कार. आमच्या शंभर वर्षांहून जुन्या वाचनालयातील छापील ग्रंथांच्या नोंदी कोहा या ग्रंथालय संगणकप्रणालीमध्ये करून झाल्या असून देवघेवही त्यावरच चालते. आता विशेष संग्रहाचे काम हाती घेतले आहे. त्यात सुमारे तीनशे पोथ्या व बाडे (हस्तलिखित वह्या) आहेत, आणि गावातील एका वकील घराण्याने देणगी दिलेले अकरा रुमाल (कापडात बांधलेली कागदांची गाठोडी) आहेत. या रुमालांत मोडी कागद, जमाखर्चाच्या वह्या, खटल्यांची कागदपत्रे आणि खासगी पत्रव्यवहार असे सर्व आहे.

आमच्या एका उत्साही सहकाऱ्यांनी पहिला रुमाल सोडून त्यातील प्रत्येक पत्राला स्वतंत्र दाखल क्रमांक देत ग्रंथाप्रमाणे नोंदी करण्यास सुरुवात केली. दोनशेच्या वर नोंदी झाल्यावर लक्षात आले की ऑनलाइन तालिकेत ‘पत्र’ हा शब्द टाकताच तेच ते शीर्षक पानेच्या पाने येते आणि लेखकाचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा असतो. गेल्या महिन्यात तर एका सभासदाने एका मोडी पत्रासाठी चक्क आरक्षण नोंदवले, कारण त्यापुढे ‘उपलब्ध’ असे दिसत होते. वाचकाला एकाच ठिकाणी शोध घेता यावा, असा कार्यकारिणीचा आग्रह आहे आणि तो मला रास्त वाटतो. परंतु त्यासाठी सर्व काही कोहातच कोंबावे, की अभिलेखांसाठी वेगळी प्रणाली घेऊन ती कोहाशी जोडावी?

उत्तर १ : अभिलेखागारात काम केलेले एक सदस्य

सर्वप्रथम एक विनंती : उरलेले दहा रुमाल तूर्त सोडू नका. पहिला रुमाल सोडताना कागद तारखेप्रमाणे लावले गेले असतील, तर कोणता कागद कोणत्या पुडक्यात कशाशेजारी होता ही माहिती गेली. आणि जुन्या दप्तरात ती माहिती कागदातील मजकुराइतकीच मोलाची असते. पावती खटल्याच्या कागदांत सापडली की घरखर्चाच्या, यावर तिचा अर्थ ठरतो.

ग्रंथ एकटा उभा राहू शकतो. त्याला शीर्षक असते, कर्ता असतो, प्रकाशनाचे वर्ष असते, आणि ग्रंथालय प्रणालीची सारी रचना या गृहीतावर उभी आहे. दप्तरातील कागदाला यांपैकी बहुधा काहीच नसते. तो कोणाच्या कारभारातून निर्माण झाला यावरूनच त्याची ओळख पटते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेले व २००० मध्ये सुधारलेले वर्णनाचे मानक, ज्याला इसाड-जी म्हणतात, वरून खाली जाण्यास सांगते : आधी संपूर्ण संग्रह, मग त्यातील मालिका, मग फाइल, आणि गरज असेल तरच सुटा कागद. आपल्याकडे ही उतरंड परकी नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर रुमालांतच बांधलेले आहे. दप्तर, रुमाल, पुडके, कागद या पायऱ्या आपल्या कारकुनांना कोणत्याही मानकाच्या आधीपासून ठाऊक होत्या.

त्या मानकात एकूण सव्वीस घटक असले तरी अत्यावश्यक सहाच आहेत : संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, काळ, व्याप्ती आणि वर्णनाची पातळी. अकरा रुमालांसाठी संग्रहाची एक आणि प्रत्येक रुमालाची एक, अशा बारा नोंदी या सहा घटकांनिशी केल्या तरी वाचकाला दोनशे ‘पत्रां’पेक्षा अधिक उमगेल.

कोहामध्ये या संपूर्ण संग्रहाची एकच नोंद ठेवा. मार्क २१ या ग्रंथनोंदीच्या संगणकीय नमुन्यात त्याची सोय आहे : लीडरमधील (नोंदीच्या आरंभीच्या सांकेतिक ओळीतील) सहाव्या स्थानी मिश्र साहित्याचा ‘पी’, सातव्या स्थानी संग्रहाचा ‘सी’ आणि आठव्या स्थानी अभिलेखीय नियंत्रणाचा ‘ए’. घराण्याचा परिचय क्षेत्र (क्रमांकित रकाना) ५४५ मध्ये, रुमालांची मांडणी ३५१ मध्ये, पाहण्यावर काही निर्बंध असल्यास ५०६ मध्ये, आणि सविस्तर सूचीचा दुवा ८५६ मध्ये द्यावा. ती सविस्तर, पायऱ्यापायऱ्यांची सूची मात्र ॲटमसारख्या अभिलेख प्रणालीत करावी, कारण पातळ्यांची उतरंड दाखवणे हे कोहाचे बलस्थान नाही.

उत्तर २ : हस्तलिखितांच्या सूचीकार

वरील उत्तराशी सहमत आहे, पण पोथ्यांना तो नियम लावू नये. पोथी ग्रंथासारखीच स्वतंत्र असते, म्हणून प्रत्येक पोथीची नोंद कोहातच करावी. लीडरमध्ये ‘टी’ म्हणजे हस्तलिखित मजकूर. पत्रसंख्या (पोथीच्या पानांची संख्या) व आकार ३०० मध्ये, भाषा आणि लिपी ५४६ मध्ये, पोथी कोणाकडून कोणाकडे आली ते ५६१ मध्ये. पुष्पिका (पोथीच्या शेवटी लेखनिकाने लिहिलेला मजकूर) जशी आहे तशी टिपेत उतरवून घ्या. लेखनिकाने ‘शके’ लिहिले असेल तर तेही तसेच राहू द्या.

काळाबाबत घाई नको. शकात सरसकट ७८ मिळवून मोकळे होणारे बरेच जण असतात, पण शके १७५० मधील चैत्र १८२८ मध्ये येतो, तर त्याच शकातील माघ १८२९ मध्ये येतो. महिना नसेल तर ‘१८२८-२९’ असेच लिहावे. मोडी कागदांत सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतील एक कालगणना) आढळल्यास आणखी सावध राहा, कारण त्याचे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते.

बाडांचा प्रश्न निराळा आहे. एकाच बाडात अभंग, औषधांच्या कृती आणि उसनवारीचा हिशेब सुखाने नांदतात. बाडाची एक मुख्य नोंद करून आतील महत्त्वाच्या रचनांच्या नोंदी क्षेत्र ७७३ ने तिला जोडाव्यात. उसनवारीच्या हिशेबाची वेगळी नोंद करू नये. मुख्य नोंदीतील टिपेत त्याचा उल्लेख पुरे. (मी एकदा तशी नोंद केली होती आणि नंतर वर्षभर ती पाहून ओशाळत होते.)

उत्तर ३ : कोहाची तांत्रिक व्यवस्था पाहणारे सदस्य

आरक्षणाचा घोटाळा समजण्याजोगा आहे. कोहा १९९९ मध्ये न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी तयार होऊ लागले, म्हणजे त्याचा पिंडच देवघेवीचा. प्रत दिसली की ती द्यायची असेच ते धरून चालते. पोथी आणि रुमाल यांसाठी स्वतंत्र साहित्यप्रकार करून ‘देण्यासाठी नाही’ ही स्थिती लावा. तिचे मूल्य धन असले पाहिजे, कारण ऋण मूल्य असल्यास प्रत बाहेर जात नाही, तरी आरक्षण मात्र स्वीकारले जाते.

दुसरी बाब लिपीची. मोडीला युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय मानकात २०१४ साली, सातव्या आवृत्तीत, स्थान मिळाले. मात्र ही अक्षरे युनिकोडच्या मूळ पटलाबाहेर (पहिल्या, मुख्य संचाबाहेर) असल्याने त्यांना प्रत्येकी चार बाइट लागतात. विदागार (डेटाबेस) जुन्या, तीन बाइटांच्या ‘यूटीएफ-८’ रचनेवर असेल तर मोडीतील शीर्षक तुटेल किंवा स्वीकारलेच जाणार नाही. आधी ‘यूटीएफ-८ एमबी-४’ आहे का ते तपासा. तसे असले तरीही माझ्या मते शोध देवनागरी लिप्यंतरावरच ठेवावा, कारण मोडीत टंकून शोधणारा वाचक विरळाच.

ॲटमला मायएसक्यूएल या विदागारासोबत इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्रही लागते, त्यामुळे कार्यालयातील जुन्या संगणकावर ते बसवण्याचा मोह टाळावा. नोंदींचे पत्ते शीर्षकाऐवजी संदर्भ क्रमांकावरून तयार होतील अशी सेटिंग आरंभीच करा, म्हणजे ८५६ मधील दुवे पुढे स्थिर राहतील. दोन्ही प्रणालींवर व्ह्यूफाइंडसारखे सामाईक शोधसाधन बसवता येते, पण अकरा रुमालांसाठी तो खटाटोप कशाला?

प्रश्नकर्त्यांचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पोथ्या कोहात आणि रुमाल ॲटममध्ये, हे कार्यकारिणीपुढे मांडतो. आधीच केलेल्या दोनशे नोंदी मात्र पुसाव्यात का? सहकाऱ्यांचे तीन महिने त्यात गेले आहेत.

उत्तर ३ चे लेखक

मुळीच पुसू नका. त्या कोहातून तक्त्यात उतरवून घ्या, प्रत्येक ओळीला ‘लेगसी-आयडी’ (नोंदीचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि पहिल्या रुमालाचा ‘पॅरेंट-आयडी’ (वरच्या पातळीच्या नोंदीचा क्रमांक) द्या, व सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने विभागलेली साधी फाइल) रूपात ॲटममध्ये आयात करा. मग ही पत्रे त्या रुमालाखाली आपोआप जाऊन बसतील. आयात नीट झाल्याची खात्री पटल्यावरच त्या नोंदी कोहातून काढाव्यात. वाया गेलेल्या दाखल क्रमांकांपुढे दाखलनोंद वहीत शेरा मारून ठेवा. तपासणीच्या वेळी पहिला प्रश्न त्यावरच येईल.