गढीचा 'गड' केला! दोन्ही एकच का?

पूर्णाकाठ: आजीच्या आठवणी लिहून एका दिवाळी अंकाला पाठवल्या. तिचं वाक्य होतं, "गढीची पांढरी माती आन वं पोरी, भिती पोताराच्या हायेत." छापून आलं 'गडाची पांढरी माती'. विचारलं तर उत्तर मिळालं, गढी हिंदी, मराठीत गड. आमचं गाव अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यात. गावात टेकडीसुद्धा नाही, गड कुठून आणू? फार लागलं मनाला.

शब्दवेडा: लागणारच. मूळ एकच असेल, पण मराठीत वाटा वेगळ्या झाल्या. गड म्हटलं की डोंगर आला, जसा मेळघाटातला गाविलगड. गढी म्हणजे गावातलाच देशमुख-पाटलांचा मातीचा तट, बुरूज आणि आत वाडा. वऱ्हाडात हे लहान पोरालाही कळतं.

तत्सम: गढी हिंदी म्हणून नको, मग किल्ला हा शब्द कसा चालतो? तो अरबी 'कलअ'पासून आला. स्पेनमधलं अल्काला हे गावाचं नावही त्यातूनच निघालं. आपला शब्द दुर्ग: जिथे जाणं अवघड ते. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला नाही.

बाळापूरकर: आमच्या किल्ल्यात बाजारातून चालत जाता येतं. त्यात दुर्गम काय? आणि त्याला कोणी गडही म्हणत नाही.

तत्सम: तो मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर आहे ना? कौटिल्याने चार दुर्ग सांगितले: औदक, पार्वत, धान्वन आणि वन. पाण्याने राखलेला तो औदक. पावसाळ्यात बघा एकदा.

बाळापूरकर: हे मान्य. तरी आम्ही किल्लाच म्हणणार, चार पिढ्या म्हणत आलोय.

कास्तकार: आमचे आबाजी सांगत, धन गाडलेलं असते म्हणून गढी.

शब्दवेडा: गाडण्यात ड आहे, गढीत ढ. नाही जुळत. पण त्याच समजुतीपायी कितीक गढ्या लोकांनी रात्री खणून काढल्या.

कास्तकार: आमची धनासाठी नाही, मातीसाठी गेली. ती माती वावरात टाकली की पीक जोमदार येते, म्हणून ट्रॉल्याच्या ट्रॉल्या भरून नेली. आता एक बुरूज उरला, त्याच्यावर कडुनिंब. तरी पत्ता सांगताना 'गढीपाशी' असंच म्हणतो.

पूर्णाकाठ: हेच माझं म्हणणं. गढी गेली तरी शब्द जागेवर आहे, आणि छापताना तोच पुसला. पुढच्या अंकात दुरुस्ती मागू का?

माहेरवाशीण: मागाच. पण 'पोतारणे' तरी नीट छापलंय ना? आमच्याकडे जमीन सारवतात, भिंत पोतारतात.

तत्सम: सारवणे दोन्हींना चालतं.

माहेरवाशीण: नाही चालत, भाऊ. सारवायला शेण लागतं. भिंतीला पांढरी माती पाण्यात कालवून कापडाच्या बोळ्याने हात फिरवतात. त्या बोळ्याला आमच्याकडे पोतेरं म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?