भूतान 23 सप्टेंबर 2022 ला उघडते आहे : पहिल्याच हंगामात जावे की वर्षभर थांबावे?

मूळ मुद्दा

मार्च 2020 मध्ये बंद झालेली भूतानची दारे अडीच वर्षांनी, येत्या 23 सप्टेंबर 2022 ला, पर्यटकांसाठी उघडत आहेत. आमचा प्रवास 2020 च्या एप्रिलमध्ये ठरला होता आणि ऐन तयारीत तो रद्द करावा लागला, त्यामुळे ही बातमी आल्यापासून घरात पुन्हा नकाशा पसरला आहे. मी, यजमान, 9 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई असे आम्ही चौघे आहोत. जायचे तर याच ऑक्टोबरमध्ये जावे, असे माझे ठाम मत आहे.

2019 मध्ये सुमारे 3 लाख 15 हजार पर्यटक भूतानला गेले होते. ज्या देशाची लोकसंख्याच 8 लाखांच्या आत आहे, तेथे एवढी माणसे ठरावीक चार-पाच ठिकाणी जमली की काय होत असेल, याची कल्पना करता येते. तेवढी गर्दी यंदा होणार नाही. शिवाय तेथील वाहनचालक, मार्गदर्शक आणि हॉटेलांत काम करणारी माणसे अडीच वर्षे उत्पन्नाविना बसून आहेत. त्यांना पाहुण्यांची खरी गरज आज आहे, सारे सुरळीत झाल्यावर नव्हे.

अडचण आहे ती भूतान पर्यटकांकडून घेणार असलेल्या शाश्वत विकास शुल्काची. भारतीयांना माणशी प्रतिरात्री 1200 रुपये आणि 6 ते 12 वयाच्या मुलांना त्याच्या निम्मे शुल्क आहे. आमच्या 6 रात्रींचे 25,200 रुपये होतात, आणि खोली, गाडी, जेवण यांचा खर्च त्यानंतर सुरू होतो. यजमानांना हा आकडा खटकतो, मला खटकत नाही. आपल्याला काय वाटते?

प्रतिसाद 1

माझे मत याच्या नेमके उलट आहे. या शुल्काचा कायदा 2020 चा असला, तरी तो लागू होण्याच्या वेळी देशच बंद होता. म्हणजे भारतीय पर्यटक ते प्रत्यक्ष भरणार ते आता प्रथमच. त्याआधी आपल्याला असे कोणतेही शुल्क नव्हते. नवी व्यवस्था सुरू होताना नियमांत बदल होतात, दर स्थिर नसतात, आणि मधल्या काळात पोटापाण्यासाठी दुसरा व्यवसाय धरलेले कितीतरी अनुभवी लोक परत आलेले नसतात. हे सारे मार्गी लागेपर्यंत एक हंगाम जाऊ द्यावा.

आणखी एक गोष्ट मनापासून लिहितो. भूतान हा मध्यमवर्गीय भारतीय कुटुंबाला परवडणाऱ्या मोजक्या परदेशांपैकी एक होता. पारपत्र नसले तरी मतदार ओळखपत्रावर जाता येत होते, रुपया तेथे चालतो आणि न्गुल्ट्रम या तेथील चलनाची किंमत त्याच्याइतकीच आहे. चार माणसांच्या घराने केवळ राहण्याच्या परवानगीसाठी पंचवीस हजार मोजायचे असतील, तर ते दार आमच्यासारख्यांसाठी अर्धे लोटले गेले आहे, असेच मी म्हणेन.

प्रतिसाद 2

मी 2018 च्या नोव्हेंबरमध्ये तेथे आठ दिवस होतो आणि हे शुल्क मला पूर्णपणे न्याय्य वाटते. दार अर्धे लोटले असेल, तर ते कोणत्या दाबाखाली लोटले, हेही पाहावे लागेल.

थिंपूहून पुनाखाला जाताना सुमारे 3100 मीटर उंचीवर दोचुला नावाची खिंड लागते आणि तेथे एका टेकाडावर 108 चोर्टेन, म्हणजे लहान स्तूप, उभे आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा धुके होते. एक वृद्ध स्त्री हातातली माळ फिरवत त्यांना प्रदक्षिणा घालत होती, आणि त्याच वाटेवर आपल्याकडील एका मोठ्या गटाने मोबाइलवर गाणे लावून छायाचित्रांसाठी रांग धरली होती. ती स्त्री काहीही न बोलता थांबली, त्यांचे उरकेपर्यंत उभी राहिली आणि मग पुढे गेली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2019 मध्ये, एक भारतीय मोटारसायकलस्वार तेथील स्तूपावर चढून उभा राहिला आणि ते छायाचित्र सर्वत्र पसरले. ते पाहिले तेव्हा मला ती स्त्री आठवली आणि खरोखर लाज वाटली.

भूतानने 1974 मध्ये परदेशी पर्यटकांना प्रवेश दिला तेव्हापासून ‘पाहुणे थोडे, पण त्यांच्यापासून लाभ अधिक’ हेच त्याचे धोरण आहे. किमान 60 टक्के भूभाग कायम वनाच्छादित राहावा, असे त्याच्या राज्यघटनेतच लिहिलेले आहे. इतर देशांच्या पर्यटकांना याच शुल्कापोटी प्रतिरात्री 65 डॉलर द्यावे लागत होते, ते यंदा, 2022 मध्ये, 200 डॉलर झाले आहेत. त्यापुढे आपले 1200 रुपये ही शेजाऱ्याला दिलेली मोठी सवलत आहे, आणि तिच्याबद्दल तक्रार करणे मला शोभत नाही.

प्रतिसाद 3

वरील प्रतिसादातील वेदना खरी आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. स्तूपावर चढणाऱ्याने दिवसाला 1200 रुपये आनंदाने भरले असते. शुल्काने ऐपत तपासली जाते, वागणूक नव्हे. उलट पैसे मोजले आहेत म्हणजे काहीही करण्याचा हक्क मिळाला, ही भावना अशा शुल्काने बळावते, हे मी तीस वर्षे शालेय सहली नेताना पाहिले आहे. ज्या मुलांकडून सहलीची अधिक रक्कम घेतली जाई, त्यांचे पालकच अधिक मागण्या करीत.

माणसे कमी हवी असतील, तर दररोजच्या प्रवेशाची संख्या ठरवावी आणि मग गरीब-श्रीमंत सर्वांनी सारख्याच रांगेत उभे राहावे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माझ्यासारखीला प्रतीक्षा परवडते, 1200 रुपये परवडत नाहीत.

प्रतिसाद 4

शुल्काचा वाद चालू राहू द्यावा, पण मूळ लेखिकेने ऑक्टोबर धरला आहे म्हणून तातडीच्या दोन गोष्टी लिहिते. सासूबाईंचे कागद आजच तपासावेत. पारपत्राची मुदत निदान 6 महिने शिल्लक असावी लागते; मतदार ओळखपत्र चालते, पण त्यावरील नाव आरक्षणातील नावाशी जुळायला हवे. मुलीचे पारपत्र नसेल, तर जन्मदाखला सोबत हवा. जयगाव-फुन्शोलिंग या सीमेवरील गावांमार्गे रस्त्याने जाणार असाल, तर तेथील सुट्ट्यांचे दिवस आधी पाहून घ्या. आम्ही 2017 मध्ये ते न पाहता शनिवारी पोहोचलो आणि परवान्यासाठी सोमवारपर्यंत सीमेवरच थांबलो. सहा दिवसांच्या सहलीतले दोन दिवस तेथेच गेले.

दुसरी गोष्ट ताकत्सांगची, म्हणजे कड्यावरच्या वाघिणीच्या गुहेतील मठाची. अर्ध्या वाटेवरील उपाहारगृहापर्यंत घोडा मिळतो. त्यापुढची चढण आणि शेवटच्या शेकडो पायऱ्या स्वतःच्याच पायांनी चढा-उतराव्या लागतात, आणि परत येताना घोडा नसतो. उतरताना गुडघ्यांची जी परीक्षा होते, तिची कल्पना वर जाताना येत नाही. माझी आई उपाहारगृहापाशीच थांबली. समोरच्या कड्याला चिकटलेला मठ तिने तेथून तासभर पाहिला, आणि तिला काही चुकल्यासारखे वाटले नाही. हा प्रवास पुढे ढकलून 68 च्या 69 कराव्यात, असे मात्र मी कधीही सांगणार नाही.

मूळ लेखिकेचे उत्तर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. कागद काढून पाहिले, तर सासूबाईंच्या पारपत्राची मुदत गेल्याच वर्षी संपली आहे आणि मतदार ओळखपत्रावर त्यांचे आडनाव चुकीचे छापलेले आहे. पारपत्राच्या नूतनीकरणाचा अर्ज काल केला. ते ऑक्टोबरपूर्वी हाती येईलच, याचा भरवसा नसल्यामुळे प्रवास नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यावर नेत आहोत. फोबजिखाच्या खोऱ्यात ऑक्टोबरअखेरीपासून काळ्या मानेचे क्रौंच उतरू लागतात आणि 11 नोव्हेंबरला गांगतेच्या मठात त्यांचा उत्सव असतो, म्हणून दोन रात्री तेथे राहू. लेकीला हे सांगितल्यापासून ती ऑक्टोबरचे नावही घेत नाही.

शुल्काविषयी माझे मत बदललेले नाही, पण रोजच्या संख्येची मर्यादा घालून सर्वांना एकाच रांगेत उभे करावे, हा मुद्दा मला खोडता आलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. ताकत्सांगला कोठपर्यंत चढायचे, हे सासूबाई तेथे गेल्यावर स्वतः ठरवतील.

प्रतिसाद 1 (पुन्हा)

नोव्हेंबरचा निर्णय योग्य वाटला, आपल्या प्रवासाला शुभेच्छा. मी मात्र वसंतात पारोचा त्सेचू, म्हणजे तेथील धार्मिक उत्सव, येईपर्यंत थांबणार आहे, आणि तेव्हाही सहाऐवजी चारच रात्री धरणार आहे. परत आल्यावर खोली आणि गाडीला प्रत्यक्ष किती पडले, ते जरूर लिहा. माझा पुढचा हिशेब त्यावर अवलंबून राहील.